पंगतीत शेवटी उठणारा

आमच्या गावात पंगतीचा एक नियम अजून कडक पाळतात. शेवटच्या माणसाचा घास संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आणि वीस-पंचवीस वर्षं तो शेवटचा माणूस मीच होतो. पौषात मारुतीच्या पारावर रोडगे होतात. कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, सोबत वांग्याची भाजी, तुरीचं वरण आणि तूप. भले भले तीन रोडग्यांत गार होतात. मी सातव्याला हात घालायचो आणि अख्खी पंगत हात वाळवत माझ्याकडे बघत बसायची.

बाबा माझ्या शेजारीच असायचे. स्वतः दोन रोडग्यांत आटोपायचे आणि मग वाढणाऱ्यांच्या मागे लागायचे. "अबे, इकडे आन ना टोपलं! पोरगं थांबून राह्यलं!" त्यांचं स्वतःचं पोरपण रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर निघालं होतं, तीही अर्धपोटी. त्यामुळे पोराचं सुटलेलं पोट ही त्यांच्या लेखी जन्माची कमाई होती. कोणी थट्टा केली तर म्हणायचे, "घरचं खाते. तुह्या घरी येते काय मांगाले?"

मी बाभुळगावच्या एका कृषी केंद्रात बसतो. बियाणं, खत, फवारणीची औषधं विकतो. घरचा वजनकाटा माझ्यापुढे कधीच हात टेकून मोकळा झाला होता, म्हणून एकदा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. एकशे शेहेचाळीस. मालक म्हणाले, "तुले आता क्विंटलमधीच लिहा लागते." सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. जाड्या माणसाला आधी स्वतःच हसावं लागतं, नाहीतर दुसरे हसतातच.

पण घरी हसण्यासारखं काही नव्हतं. साखर वाढलेली, गुडघे गेलेले आणि झोपेत माझा श्वास मधेच बंद पडायचा. माझ्या पायाची नखंसुद्धा बायको कापायची, कारण मला पाय दिसायचेच नाहीत. एकदा नखं कापता कापता तिनं नेलकटर खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुमी गेले तं मी कोनाची नखं कापू, सांगा बरं." रडली नाही की काही नाही. पुन्हा कापायला लागली. त्याच आठवड्यात आम्ही नागपूरच्या डॉक्टरकडे गेलो आणि पोट लहान करायचं ऑपरेशन ठरवून आलो.

बाबांना सांगितलं तर ते खाटेवरून उठूनच बसले. "लोकं पोट भराले मरते आन तू चांगल्या पोटाले कात्री लावते? अक्कल हाये काय तुले?"

पेरणीची गर्दी आटोपल्यावरची तारीख मिळाली. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस नुसतं पातळ प्यायचं होतं. नेमका आषाढ! घरोघरी आखाडीचं तळण चाललेलं, गल्लीभर गुलगुल्यांचा वास, आणि मी ओट्यावर ताक घेऊन बसलेलो. माझ्या जिवाची काय दशा झाली असेल ती माझी मलाच ठाऊक. फुप्फुसाच्या व्यायामासाठी प्लास्टिकचं एक यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढला की आतले तीन गोळे वर चढायचे. बाबा दुरून बघायचे. "हे खेळून पोट कमी होते काय?" मी चिडून म्हटलं, "नाही, हे खेळून जित्ता परत येता येते."  दुसऱ्या दिवशी पाहतो तर बाबांनी यंत्र पुसून कोनाड्यात ठेवलेलं होतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पाच बारीक भोकं. त्याच दिवशी नर्सबाईंनी उभं केलं, "काका, चला, चालायचं." औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात पाणी दिलं आणि म्हणाल्या, एकदम नाही, घोट घोट. लोटाभर पाणी एका दमात रिचवणारा मी! तो पेला संपायला पाव तास लागला. मला रडूच आलं. दुखत होतं म्हणून नाही, आपलं काहीतरी कायमचं गेलं म्हणून.

घरी आल्यावर दोन आठवडे वरणाचं पाणी, मग कालवलेलं मऊ. अर्धी वाटी, लहान चमचा, प्रत्येक घास तोंडात पार लगदा होईपर्यंत चावायचा. अर्ध्या वाटीला अर्धा तास. बायको समोर बसून माझ्या जबड्यावर नजर ठेवायची.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. बायको वावरात गेली होती. बाबा स्वयंपाकघरातून गरम भाकर, ठेचा आणि त्यावर कच्चं तेल घेऊन आले आणि माझ्याजवळ बसले. ऑपरेशन झाल्यापासून जेवताना समोर असायचे, पण असे अगदी जवळ पहिल्यांदाच बसले होते. "एका घासानं काय होते बावा? तोंड तं पाह्य तुह्यं, कसं उतरलं." भाकरीला अजून मनाई होती, हे मला माहीत होतं. पण बापाच्या हातातला घास. घेतला. नीट चावलाही नाही, सवयीनं गिळला.

तो छातीतच अडकला. आतून कोणी मूठ आवळावी तसं झालं. तोंडाला फेस, घाम, मग उलटी. बाबा माझी पाठ धरून उभे होते. संध्याकाळपर्यंत मी ठीक झालो. डॉक्टरांनी फोनवर झाप झाप झापलं, तेवढंच.

पण त्या दिवसापासून बाबांनी माझ्यासोबत जेवणं सोडलं. आपलं ताट घेऊन ते ओसरीत जायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मी खातो आन तू वाटीकडं पाहत बसतो. मले घास उतरत नाही." मला वाटलं, आता यांना माझी लाज वाटते. सात रोडगेवाल्या पोराला मिरवलं, आता अर्ध्या वाटीवाल्याला काय मिरवणार? खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला होता. वजन उतरत होतं, साखरेच्या गोळ्या अर्ध्या झाल्या, दिवाळीत मी माझी नखं माझ्या हातानं कापली. बायकोनं शेजारणीला बोलावून दाखवलं. बाबांनी ओसरीतूनच पाहिलं. पण जेवायला आत आले नाहीत.

पौषात रोडगे आले. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "लोकाईच्या भेवानं देवाचा परसाद सोडता काय?" गेलो. कित्येक वर्षांनी मांडी घालून बसता आलं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पत्रावळीवर अर्धा रोडगा घेतला, वरणात कुस्करला. समोरचा म्हणाला, "काय बे, एवढ्यावर? वाघ म्हातारा झाला काय?" सगळे हसले. या वेळी मी हसलो नाही. बाबा पाच-सहा माणसं सोडून पलीकडे बसले होते.

मी चावत राहिलो. एकेक करत सगळ्यांचं आटोपलं. हात वाळले, गप्पा संपल्या. पोट्टे चुळबुळ करू लागले. माझ्यापुढे अजून चार-पाच घास होते. कोणीतरी म्हणालं, "अर्ध्या रोडग्याले इतका टाइम?" कानशिलं तापली. वाटलं, पत्रावळ दुमडावी, उठा म्हणावं आणि पुन्हा कधी पंगतीला येऊ नये. मी पत्रावळीच्या कडेला हात घातलासुद्धा.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "अबे, टोपलं आन इकडे. मले अर्धा वाढ."

वाढणारा पोरगा गोंधळला. बाबांची पत्रावळ केव्हाच रिकामी झाली होती. या वयात त्यांना दीडच्या वर रोडगा जात नाही, आणि तोंडात दात उरलेत मोजून सहा.

"वाढ म्हनलं ना! आन बसा रे सगळे. माह्यं व्हाचं हाये अजून."

सगळे बसून राहिले. बाबांनी रोडगा कुस्करला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घास घेतला की ते घेत. मी चावत असेपर्यंत ते चावत. त्यांना जात नव्हतं, कपाळावर घाम दिसत होता. वाघ म्हणणाऱ्यानं मान खाली घातली. मला पुढचं नीट दिसेना, पण चावणं थांबवलं नाही. शेवटचा घास मी गिळला, पाठोपाठ त्यांनी गिळला, आणि मग पंगत उठली.

हात धुताना ते माझ्याजवळ आले. तांब्यातून माझ्या हातावर पाणी ओतत हळूच म्हणाले, "अटकला तं नाही ना?"

"नाही बाबा."

"मंग उद्यापासून आतच बसतो जेवाले," ते म्हणाले.