देवराईच्या कागदावर माझं अक्षर

वेल्ह्याच्या आतल्या अंगाला, रस्ता संपतो तिथून अर्धा तास चालल्यावर एक देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. शेजारच्या माळावर भाताच्या रोपांची जमीन, म्हणजे राब, भाजायला दरवर्षी फांद्या तोडतात, पण देवराईच्या कडेला मांडलेल्या दगडांशी कोयता थांबतो. हे कुणाला शिकवावं लागलेलं मी पाहिलं नाही.

ही देवराई तुटणार होती, असं एका कागदावर लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे.

भोरच्या कॉलेजातून मी निवृत्त झालो तेव्हाची गोष्ट. अक्षर बरं आणि वेळ रिकामा, अशा माणसाला तालुक्यात काम कमी पडत नाही. एका संस्थेचा अधिकारी फॉर्म भरून द्याल का, असं विचारायला आला. योजना त्याने चहा संपायच्या आत समजावली. दूर कुठेतरी एक कंपनी धूर सोडते. धूर कमी करणं तिला जड जातं. म्हणून तिने इकडचं एखादं जंगल वाचवलं असं दाखवायचं, आणि तेवढा धूर माफ. फक्त जंगल वाचलं म्हणायचं तर ते आधी तुटणार असावं लागतं. ही अट तेव्हा माझ्या नीट ध्यानात आली नाही. मी आयुष्यभर मुलांना लक्षपूर्वक वाचा म्हणून सांगत आलो होतो.

देवराईची पूजा आबांकडे. सत्तरी ओलांडलेले, बोलायला कमी. कागद करायचा म्हटल्यावर त्यांनी आधी देवाला कौल लावला. मूर्तीला दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली आणि मोठ्याने विचारलं, की ही झाडं कधी कुणी तोडू नयेत असा कागद करू का. उजवं फूल पडलं. देवाची हरकत नव्हती. मग आम्ही देवराईतल्या देवळाच्या पायरीवर फॉर्म उघडला.

एक प्रश्न होता, प्रकल्प नसता तर या जंगलाचं काय झालं असतं? मी लिहू लागलो की आहे तसंच राहिलं असतं. अधिकाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, ‘‘सर, असं लिहिलं तर फॉर्म परत येतो. तोड होण्याची दाट शक्यता, एवढं लिहा. सगळीकडे हेच लिहितात.’’ मी लिहिलं. बाकीची उत्तरं आबांना वाचून दाखवली, हे एक दाखवलं नाही. त्यांनी अंगठा उठवला.

पुढे समारंभ झाला. शाल, नारळ, मंडप. शेकडो वर्षांच्या झाडांच्या गर्दीत, जिथे ऊन जमिनीला शिवत नाही तिथे, पाहुण्यांनी एक रोप लावलं. ते आठवड्यात मेलं. ‘हे जंगल वाचवण्यात आले आहे’ अशी पाटी मात्र अजून उभी आहे.

काही वर्षांनी एक संशोधक बाई आल्या. अशा योजनांनी खरंच धूर कमी होतो का, हा त्यांचा विषय. कापूरहोळला त्यांच्या गाडीत बसलो तेव्हा त्यांच्या मांडीवर त्याच फॉर्मची प्रत होती. बाई सरळ होत्या. पायरीवर बसून त्यांनी एकेक उत्तर आबांना वाचून दाखवलं, मी गाळलेलं तेही.

आबांनी प्रत हातात घेऊन आपला अंगठा शोधला. मग विचारलं, हे कुणी सांगितलं? मी म्हणालो, ‘‘साहेबांनी सांगितलं. लिहिलं मी.’’

‘‘आन् अंगठा माजा.’’

‘‘हो.’’

‘‘म्या देवाला येक इचारलं, आन् कागदावर दुसरंच. मंजी देवाला बी फसिवलं.’’ ते उठले आणि देवराईच्या कडेच्या दगडांबाहेर जाऊन उभे राहिले. ‘‘सर, त्यो शबुद खोडून आना. तवर म्या देवाला हात लावनार न्हाई.’’

मी संस्थेला पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, अतिशय नम्र. या जंगलाचा हिशोब वापरून झाला आहे, कागद बंद झाला आहे, आता त्यात बदल होत नाही. म्हणजे धूर सोडून झाला, माफही झाला. उरला तो एका म्हाताऱ्याचा अंगठा.

बाईंचा अहवालही आला. सगळा मन लावून वाचला. आमची देवराई एका वाक्यात होती: ‘एका ठिकाणी तोडीचा धोका वाढवून दाखवला गेला असण्याची शक्यता आढळते.’ मी फोन केला. शक्यता? बाई म्हणाल्या की एका मुलाखतीवरून याहून ठाम लिहिता येत नाही, आणि माणसांना त्रास होऊ नये म्हणून गावाचं नाव संशोधनात देत नाहीत. त्यांचं बरोबर असेल. पण खोट्यात गट नंबरासकट सगळं छापलेलं आहे आणि खऱ्याला साधं गाव नाही, यावर चिडू नये तर कशावर? चिडून मी फोन ठेवला, आणि ठेवल्यावर आठवलं की यातलं पहिलं अक्षर माझंच.

तरी ते पान घेऊन गेलो. भोरहून एसटी, पुढे चालत. आबांना मराठीत समजावून सांगितलं.

‘‘ह्यात आमचं गाव कुटं हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग ह्ये दुसऱ्या कुनाचं आसल,’’ म्हणाले आणि पान घडी करून परत दिलं.

पूजेची वेळ झाली होती. हल्ली आत पुतण्या जातो. आबा दगडांच्या बाहेर बसून त्याला सांगतात, दिवा कुठे, पाणी कुठे, आधी काय, मग काय. मला म्हणाले, तुमी जावा की आत, तुमाला कोन न्हाई म्हनतंय.

मी त्यांच्या शेजारी बसलो. आत पुतण्या फुलं चुकीच्या बाजूला ठेवत होता, आणि आबा ओरडायचं नाही म्हणून दात आवळून बसले होते.