बागेची फिरती पाटी

खून, दरोडे, टोळ्यांची भांडणं असं बरंच काही माझ्या नोकरीत येऊन गेलं आणि त्यातलं बरंचसं आता पुसटही झालं. पण परळ भागातल्या एका बांधकामावर यंत्राच्या डिझेलच्या टाकीत वाळू टाकल्याचा जो किरकोळ गुन्हा आमच्याकडे नोंदला गेला, तो मला अजून जसाच्या तसा सांगता येईल. तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. नावं कुणाचीच देत नाही, कारण त्यातली काही माणसं याच भागात राहतात.

गिरणीच्या जुन्या जागेला लागून एक मोकळा भूखंड होता. तिथे उंच इमारतीचं काम सुरू झालं होतं. पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणारं अवजड यंत्र, म्हणजे पायलिंग मशीन, पुन्हा पुन्हा बंद पडायला लागलं. शेवटी उघडून पाहिलं तेव्हा टाकीत वाळू निघाली. कंत्राटदाराचा साईट मॅनेजर तक्रार घेऊन आला. नुकसानीचं कलम अदखलपात्र, पण आत घुसणं दखलपात्र, त्यामुळे गुन्हा नोंदून तपास हाती घेतला.

पंचनाम्याच्या वेळी कंपनीचा मेकॅनिक एक गोष्ट बोलला, ती मी लक्षात ठेवली. तो म्हणाला, "साहेब, ज्याने केलंय त्याला डिझेल मशीन कळतं. वाळू बरोबर फिल्टरपर्यंत जाईल अशी टाकलीय. वर झाकण नीट लावून फडक्याने पुसूनही ठेवलंय." खुनशी माणूस पुसत बसत नाही. तो तोडफोड करतो आणि पळतो.

मॅनेजरचा संशय मात्र ठरलेला होता. यंत्र चालवणारा ऑपरेटर झारखंडचा तरुण होता. गावी जायला सुट्टी मिळाली नाही म्हणून त्याचं मॅनेजरशी जोराचं भांडण झालं होतं. कॅमेऱ्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक माणूस यंत्राकडे जाताना दिसत होता. डोक्यावर हेल्मेट, हातात पिशवी, चेहरा दिसत नाही. अंगयष्टी ऑपरेटरसारखीच. आम्ही त्याला जीपमधून चौकशीला आणलं.

तो एकच वाक्य बोलत होता. "साहब, मशीन बंद तो मेरा काम बंद. मैं अपने ही पेट में रेती डालूँगा क्या?" उलटसुलट विचारलं तरी तेच. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा दर वेळी नवीन कारण देतो आणि खरं बोलणाऱ्याकडे द्यायला दुसरं काही नसतं. पण अनुभव पुरावा होत नाही. मॅनेजरचे फोन चालूच होते, आणि त्या तरुणाच्या बाजूने बोलणारं मुंबईत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आटोपत होती, तेव्हा साठीच्या एक बाई ठाण्यात आल्या. चार पायऱ्या चढून त्यांना एवढा दम लागला होता, की ठाणे अंमलदाराने आधी त्यांना बाकावर बसवलं. आमच्या महिला पोलीस नाईकने पाणी दिलं. त्यांना माझ्याशीच बोलायचं होतं, म्हणून केबिनमध्ये आणलं.

"जय भीम, साहेब. काल ज्या पोराला जीपमध्ये घातलंत ना, त्याने नाही केलं ते."

"तुम्हाला कसं माहीत, ताई?"

"आमची खिडकी त्या कामाच्या समोरच आहे. त्याला नेताना बघितलं मी." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "आमच्या मिस्टरांनी केलंय."

नाईकने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "तुम्ही इथे आलात हे त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. दूध आणते म्हणून निघाले."

"ताई, त्यांच्यावर केस होईल. समजून बोलताय ना?"

"होऊ दे. चूक त्यांची आहे. त्या पोराची आई कुठे लांब गावाला असेल, तिच्यापर्यंत कोण जाणार? आम्ही चाळीत वाढलोय साहेब. पोलीस एखाद्या घरात शिरले की त्या घरातल्या बायांचं काय होतं, ते लहानपणापासून बघितलंय."

त्या रडल्या नाहीत. पाण्याचा ग्लास रिकामा करून त्यांनी नाईकच्या हातात दिला आणि बसून राहिल्या.

ऑपरेटरला आम्ही लगेच सोडलं. बाईंना मी साक्षीदार केलं नाही. बायकोला नवऱ्याविरुद्ध उभं करायची गरजच पडली नाही, कारण बोलावल्यावर गृहस्थ स्वतःच हेल्मेट घेऊन हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, पँटमध्ये नीट खोचलेला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा वर्ग शिकवून ते निवृत्त झाले होते. मेकॅनिकचं म्हणणं बरोबर निघालं.

त्यांनी काही लपवलं नाही. हेल्मेट घालून, पिशवी घेऊन ताठ चालत आत गेलं की साईटवर कुणी अडवत नाही, एवढंच ते म्हणाले.

"पण का केलंत?" मी विचारलं.

"हिचं फुफ्फुस कामातून गेलंय. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा हवी, धूळ चालणार नाही. नायगावची खोली विकली, मुलीने कर्ज काढलं आणि हे घर घेतलं, ते त्या खिडकीसाठी. समोर बाग होणार होती. आता खिडकी उघडली की धूळ, बंद केली की हिला कोंडल्यासारखं होतं. यंत्र बंद असलं की त्या दिवशी ही खिडकीशी बसून जेवते. दुसरं काही नाही."

"बाग होणार हे कुणी सांगितलं?"

"एजंटने. आणि पाटी होती ना तिथे."

मुलीने घर बघायला गेल्या दिवशी आईवडिलांचा खिडकीत फोटो काढला होता. तो त्यांनी फोनवर दाखवला. दोघं हसताहेत आणि मागे भूखंडावर हिरवी पत्र्याची पाटी. वर झाडाचं चित्र, खाली 'नियोजित उद्यान. येथे कचरा टाकू नये.' कुठल्याही कार्यालयाचं नाव नाही. पण कचऱ्याची ती ओळ वाचली की कुणालाही पाटी सरकारीच वाटावी.

एजंटने त्यांना कोपऱ्यावरचा दवाखानाही दाखवला होता. नेलं रविवारी. शटर बंद होतं, तेव्हा म्हणाला, "आज सुट्टी आहे." तो दवाखाना कायमचा बंद झालेला होता, हे त्यांना राहायला आल्यावर कळलं.

मी उपनिरीक्षकाला वॉर्ड ऑफिसमध्ये पाठवलं. उत्तर सरळ मिळालं. त्या भूखंडावर बागेचं आरक्षण कधीच नव्हतं. उंच इमारतीचा प्रस्ताव तर या कुटुंबाने घर बघण्याच्या कितीतरी आधी दाखल झालेला होता. यात गुप्त असं काहीच नव्हतं. अर्ज केला असता तर त्यांनाही हेच सांगितलं गेलं असतं.

मी हे गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फक्त जाऊन विचारायचं होतं?"

"हो."

"पोरांना मी आयुष्यभर सांगितलं, आधी पुस्तक वाचा, मग पाना हातात घ्या."

त्यांच्यावरचा गुन्हा कायम राहिला. त्यांना जामीन मिळाला. पण माझ्या दृष्टीने आता दुसरा गुन्हा उभा राहिला होता, आणि तो फसवणुकीचा होता.

अडचण अशी, की पाटी जागेवर नव्हती. काम सुरू व्हायच्या आधीच ती नाहीशी झाली होती. आणि पाटी त्या एजंटनेच लावली, याला साक्षीदार नव्हता. मी तो फोटो ठाण्यातल्या सगळ्यांना दाखवला. महिला नाईकने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "सर, ही पाटी मी रोज बघते. आमच्या कॉटन ग्रीनला, गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत. झाडाचा हा डावा कोपरा असाच दुमडलेला आहे."

त्या मोकळ्या जागेसमोर एका नव्या इमारतीत घरं विकायला होती. दाखवणारा एजंट तोच.

मी आणि नाईक साध्या कपड्यांत घर बघायला गेलो. ती मुलगी, मी वडील. एजंट चाळिशीचा, नीटनेटका, आदबशीर. स्वयंपाकघर, न्हाणीघर त्याने भराभर दाखवलं आणि आम्हाला खिडकीशी आणून उभं केलं. पुढे काही बोललाच नाही. गिऱ्हाईकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू देणारा विक्रेता फार हुशार असतो.

"समोर काय येणार आहे हो?" नाईकने विचारलं.

"मी कशाला सांगू, ताई? पाटीच बोलते ना."

"बाबांना संध्याकाळी फिरायला बरं होईल."

"अहो, बाबांसाठीच घ्या. बाग समोर, दवाखाना जवळ. या वयात अजून काय लागतं?"

त्यानंतर मी माझं ओळखपत्र दाखवलं. खाली थांबलेल्या पंचांना बोलावलं, पाटीचा पंचनामा केला आणि ती ताब्यात घेतली. तिच्या खांबांना खाली वेगवेगळ्या रंगांची माती सुकून चिकटलेली होती. पाटी बरीच फिरली होती.

चौकशीत तो अजिबात डगमगला नाही. "सर, पाटी कुणी लावली मला काय माहीत? मीही वाचूनच सांगतो. आणि माझं शिक्षण काय, मला कुठलं कळतं प्लॅनमधलं?" वकील येईपर्यंत तो हेच बोलत राहणार, हे दिसत होतं. अशा माणसाला दरडावून काही मिळत नाही. त्याला स्वतःच्या कामाचा अभिमान असतो. तिथे बोट ठेवावं लागतं.

ते नाईकने केलं. ती सहज म्हणाली, "तुमचं नशीब बरं म्हणायचं. मी तिथे घर घेतलं असतं आणि उद्याच समोर खोदकाम सुरू झालं असतं, तर तुमच्या दारात येऊन बसले असते. नुसत्या पाटीच्या भरवशावर घरं विकता. हे कच्चं काम आहे."

तो दुखावला. "उद्या कसं सुरू होईल मॅडम? त्या जागेच्या कामाला अजून परवानगी नाही आली. सहा महिने तरी हलत नाही काही. मी काय असाच उभा..."

तो थांबला.

"हे तुम्हाला कुठून कळलं?" मी विचारलं.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण ती कुठे बोट दाखवते, तिथे जाता येतं. उपनिरीक्षक पुन्हा वॉर्ड ऑफिसमध्ये गेला. पाटी जिथे जिथे उभी राहिली होती, त्या प्रत्येक भूखंडाची माहिती या माणसाने आधी स्वतःच्या नावाने रीतसर अर्ज करून घेतलेली होती. आरक्षण आहे का, कसला प्रस्ताव आहे, काम कधी सुरू होऊ शकेल, सगळं. ज्या जागेवर टॉवर येणार हे नक्की आणि जिथे तो लगेच येणार नाही हेही नक्की, तिथेच तो पाटी रोवायचा. घरं विकली की उचलायचा. पाटी रंगवणारा लालबागचा पेंटर सापडला, त्याने त्याला ओळखलं. फसलेली इतर कुटुंबं पुढे आली. आरोपपत्र दाखल झालं. मी निवृत्त झाल्यावर त्याला शिक्षा झाली आणि त्याने अपील केलं, असं मला कळलं.

गृहस्थांच्या प्रकरणात कंत्राटदाराने तडजोड मान्य केली. कोर्टात त्या दिवशी ऑपरेटरही आला होता. बाई उठून त्याच्याकडे गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बेटा, हमारी वजह से तुमको तकलीफ हुई." तो गोंधळला. "अरे नहीं माँजी," म्हणाला, आणि मग हळूच, "खिड़की पर गीला कपड़ा लगाके रखो. अभी बहुत दिन चलेगा."

पुढे त्यांनी ते घर विकलं. येणाऱ्या प्रत्येकाला गृहस्थ आधी खिडकीशी नेऊन समोर टॉवर येणार आहे, हे सांगायचे. मुलगी वैतागली होती. अनेक जण परत गेले. शेवटी आवाज मुद्रित करण्याचं काम करणाऱ्या एकाने ते घेतलं. त्याला खिडक्या बुजवायच्याच होत्या. मग त्यांनी शीवच्या बाजूला घर घेतलं. घेण्यापूर्वी आजूबाजूच्या प्रत्येक मोकळ्या आणि पडक्या जागेची चौकशी केली. दवाखान्यात तर कामाच्या दिवशी केसपेपर काढून रांगेत उभे राहिले आणि औषध घेऊनच बाहेर पडले.

आता ओळखीचे लोक घर घेताना मला विचारतात. त्यांना वाटतं, पोलिसात होते म्हणजे मालकाची पार्श्वभूमी तपासून देतील. मी सांगतो, ते वकील बघेल. तुम्ही खिडकीतून जे दिसतं ते कुणाचं आहे आणि तिथे काय येणार आहे, ते विचारून या. जुनी बैठी चाळ समोर असेल, तर ती तशीच राहील असं धरू नका. शाळा, दवाखाना, पाणी, सगळं आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. त्या सगळ्या व्यवहारांत घर घेणाऱ्यांपैकी कुणीही वॉर्ड ऑफिसची पायरी चढलं नव्हतं. चढला तो फक्त फसवणारा.

पण या प्रकरणाने मला शिकवलं म्हणायचं, तर ते एवढंच नाही. गुन्ह्याची खबर देणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. कुणाला सूड हवा असतो, कुणाला मेहेरबानी, कुणाला स्वतःची सुटका. त्या बाई ठाण्यात आल्या त्या दिवशी यंत्र बंद होतं. खिडकी उघडी होती, हवा स्वच्छ होती. नवरा पकडला गेला की यंत्र पुन्हा सुरू होणार आणि मग ते बंद पाडणारं कुणी नसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही त्या आमच्या पायऱ्या चढल्या. दोन दिवसांनी ते सुरू झालं.