दाजींनी हाकललेली पाखरं

ज्ञानगंगेच्या जंगलात आमच्या दाजींना एका अस्वलाने तंबाखू मागितली होती. दाजींनी दिली नाही, कारण अस्वलाकडे चुना नव्हता. ही हकिकत त्यांनी माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हा, पोह्यांची बशी हातात असताना, आमच्या वडिलांना सांगितली होती. वडिलांनी त्यांना आणखी पोहे वाढायला सांगितलं आणि म्हणाले, "पोरगा हिशेबी दिसते." लग्न ठरलं.

पुढे आम्हाला कळलं की हा रोजचाच मामला आहे. कुणी म्हणालं, "दाजी, कधीतरी खरं बोलत जा ना," तर ते खरोखर नवल करत. "खरं सांगाले काय लागते बे? जे झालं ते सांगून टाकाचं. त्यात आपली मेहनत कोठी हाय?" थापेने कुणाचं नुकसान होऊ नये एवढं मात्र ते कसोशीने पाळत. कुणाची चहाडी नाही, कुणाची बदनामी नाही. अस्वल, साप, भूत, गेला बाजार एखादा तहसीलदार, इतकीच त्यांची पात्रं.

आणि प्रत्येक थापेला एक साक्षीदार लागे. तो मी. "गजाले विचारा," असं म्हणून ते बिनधास्त माझ्याकडे बोट करत. बहिणीच्या नवऱ्याचा मान मोठा. मी काय बोलणार, कपाळ? मान डोलवायचो. अस्वल तंबाखू मागत होतं तेव्हा मी दुसरीत होतो आणि साखरखेर्ड्याच्या शाळेत पाढे म्हणत होतो, पण तेही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही दोघंही खामगावच्या एका जिनिंगमध्ये फिटर. तिथल्या ओळखीने टांझानियातल्या एका जिनिंगवर काम मिळालं आणि साला-दाजी विमानात बसलो. कापूस इथूनतिथून सारखाच, मशीन सारखी, धूळही सारखीच. दोन वर्षं बरी गेली. मग एक दिवस ताईचा फोन आला की वर्षाचं जमलं. मुलगा चांगला आहे, मुलाकडच्यांना घाई आहे, तारीख पक्की झाली. वर्षा म्हणजे दाजींची एकुलती एक लेक. दाजी नाचतच मॅनेजरसाहेबांकडे सुट्टी मागायला गेले आणि हात हलवत परत आले. साहेब म्हणाले होते, "सीझन सिर पे है. शादी तुम्हारे बगैर भी हो जाएगी." करार संपेपर्यंत पासपोर्ट आणि परतीचं तिकीट त्यांच्याच कपाटात.

आता कन्यादान करणारा बाप आफ्रिकेत, आणि नवरीच्या पाठीशी उभा राहणारा मामाही आफ्रिकेत. लग्न लावायचं कुणी, मंडपवाल्याने? दाजींनी जेवण कमी केलं, ते ठीक. पण त्यांनी थापा मारणं बंद केलं, तेव्हा मला धडकी भरली.

साहेब मूळचे गुजराती, तीन पिढ्या तिकडच्याच. माणूस तसा वाईट नव्हता, पण त्याला जगात एकाच गोष्टीचा नाद होता: दर रविवारी दुपारी पाखरांची शिकार. त्या भागात कांगा नावाच्या ठिपक्याठिपक्यांच्या रानकोंबड्या असतात, त्यांच्यामागे तो बंदूक घेऊन फिरे. हे दाजींना कळलं मात्र, त्यांच्या तोंडावर रंग आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी जाहीर केलं, "साब, हमारे खानदान में सात पिढी से शिकारच चलती. गजा को पूछो."

मी मान डोलवली. जो माणूस घरी कोंबडी कापायची म्हटली की खाटकाकडे पाठ करून आभाळातले ढग बघतो, त्याच्या सात पिढ्यांच्या वतीने मी मान डोलवली. साहेब खूश. "इस इतवार तुम दोनों साथ में चलो."

"दाजी, बंदूक धरली का कधी?" मी खोलीवर आल्यावर विचारलं.

"धराची कायले? सगळे पाखरं सायबाले मारू द्याचे. आपन नुसतं म्हनाचं, वा साब, आपके सामने हमारी क्या बिसात. मानूस खूश झाला का सुट्टी मांगाची."

खरं सांगतो, बेत उत्तम होता. रविवारी जेवणं करून आम्ही जीपमधून निघालो. जीप चालवायला जुमा नावाचा तिकडचाच उंच, हसरा ड्रायव्हर होता. साहेबाने दाजींच्या हातात एक बंदूक दिली; ती त्यांनी फावडं खांद्यावर टाकावं तशी टाकली. उतरल्यावर दाजींनी चिमूटभर माती उचलली, हुंगली आणि म्हणाले, "यहां से गए वो लोग." साहेबाने विचारलं, कोण लोग? "पाखरं, साब." जुमाने त्यांच्याकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं आणि तोंड फिरवून हसू दाबलं.

मग दाजींना चेव आला. "साब, असली शिकारी चलता नै. सरपटता." आणि ते पोटावर झोपले. साहेबाचं पोट चांगलं दोन पायली ज्वारीच्या पोत्याएवढं. पण तोही झोपला. मीही झोपलो. जुमा तेवढा उभा राहिला, त्याला काही पटलं नाही. भर उन्हात, वारुळं आणि काटे चुकवत, आम्ही तिघं कोपरांवर सरकत निघालो. साहेब घामाने निथळत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की बस. "आज पहली बार सही आदमी मिला," तो धापा टाकत म्हणाला. "शाम को तुम्हारी छुट्टी का देखते हैं." दाजींनी मला डोळा मारला. झालं, लग्नाला पोचलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात झुडपं संपली आणि समोर ज्वारीचं शेत आलं. निसवलेली, दाणे भरलेली ज्वारी. ताटांच्या बुडाशी पंधरावीस कांगा चरत होत्या. साहेबाने हळूच बंदूक सरकवली. आणि वरून, कुठून कोण जाणे, चिमण्यांएवढ्या पाखरांचा एक थवाच्या थवा येऊन कणसांवर बसला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दाजींचं सगळं बालपण माळ्यावर गेलं होतं. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून बांधलेला माचा, हातात गोफण, आणि सकाळ-संध्याकाळ पाखरं हाकलायची. आमच्या भागात एके काळी प्रत्येक पोराने हेच केलं आहे. एक पाखरू जास्त बसलं की बाप घरी गेल्यावर सोलून काढत असे. दाजी ताडकन उभे राहिले. बंदूक पडली. डोक्याचा दुपट्टा सुटून हातात आला आणि गरगरा फिरू लागला.

"हाऽऽऽ हुर्र्र्र! हाऽऽल्या रेऽऽऽ!"

पाखरं उडाली. कांगा उडाल्या. मला वाटतं शेजारच्या गावातल्याही उडाल्या असतील. जुमा गुडघे धरून खाली बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

साहेबाने स्वतःला आवरलं. म्हणाला, चूक होते, चलो. शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आम्ही पुन्हा आडवे झालो. दाजींनी शहाणपणा करून दुपट्टा स्वतःच्या तोंडाला घट्ट बांधला. मला हातानेच खूण केली: आता काळजी नाही. बराच वेळ गेला. कांगा परत आल्या. साहेबाने नेम धरला. थवा परत आला, कणसांवर बसला. दाजींचं तोंड बांधलेलं होतं, पण हात मोकळे होते ना! त्यांनी एक ढेकूळ उचलून भिरकावलं. ते थव्यापर्यंत गेलंच नाही, मधे साहेबाच्या मानेवर फुटलं.

साहेब उभा राहिला. मान झटकली. एवढा शांत आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "कल का हवाई जहाज पकड़ो और घर जाओ. वापस मत आना."

दाजींनी तोंडावरचा दुपट्टा सोडला. चेहरा पांढराफटक. मग ओठ हलू लागले. मला दिसलं की ते बोटांवर तिथी मोजताहेत. "साब," त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "कल का पक्का ना?"

"पक्का!"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं.  नवरीच्या पाठीशी मामा लागतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. थवा तिसऱ्यांदा उतरत होता. मीही त्याच भागातला, साखरखेर्ड्याचा. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोटातून आरोळी ठोकली. "हाऽऽऽ हुर्र्र्र!"

"दोनों!" साहेब ओरडला. "दोनों जाओ!"

आम्ही हळदीच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. लग्न थाटात लागलं, दाजींनी कन्यादान केलं, मी मामा म्हणून उभा राहिलो. जेवणाच्या पंगतीत व्याह्यांनी विचारलं, "सीझनात सुट्टी कशी भेटली हो?" आणि दाजींनी, लेकीच्या लग्नात खोटं बोलू नये म्हणून असेल, आयुष्यात पहिल्यांदा जसं झालं तसं सगळं सांगितलं. व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "मानलं बुवा तुमाले!" अख्खा मांडव हसला. दाजी कळवळून म्हणाले, "नाही हो, हे खरं हाय! गजाले विचारा!" मी म्हणालो, "हाव, खरं हाय." लोक आणखी हसले. "साला कोनाचा हाय!"

रात्री टँकरपाशी हात धुताना ते म्हणाले, "गजा, मले खरं सांगाची सवय नाही, म्हनून जमलं नाही." पुढे, आफ्रिकेचा कंटाळा आला असं सांगून, त्यांनी गावात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि हळूहळू त्या गोष्टीत एक सिंह आला. दाजींनी सिंहाला हुर्र्र करून पळवलं, साहेबाचा जीव वाचला आणि त्याने बक्षीस म्हणून सुट्टी दिली. मी चिडायचो. ते म्हणत, "पाखरापायी कोन नोकरी घालवते बे? सिंह टाकला का लोकाईले पटते." आणि पटायचंही. सगळ्या तालुक्याला सिंह पटला.

दाजी मागच्या वर्षी गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. दशक्रिया झाली, पाहुणे पांगले, तेव्हा वर्षा माझ्याजवळ येऊन बसली. इतके दिवस ती रडली नव्हती. सगळ्यांना बापाच्या गमतीच सांगत होती. "मामा," ती म्हणाली, "त्या सिंहाचं तेवढं सांगा. होता का खरंच?"

"नाही बाई. पाखरं होती."

मग मी तिला ती दुपार सांगितली, ढेकळासकट. ती आधी हसली. मग हसता हसता थांबली.

"म्हंजे सुट्टी नव्हती? नोकरी गेली होती? माह्या लग्नापायी? तुमचीबी?"

"हाव."

"मंग बाबानं मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं, बाई," मी म्हणालो. "तुह्याच मांडवात, सगळ्याईसमोर. तू बी हासली होती."