नवे टायर पुढे

मी मुळातला भित्रा माणूस. ट्रक आम्हा दोघा भावांचा; दादा तो चालवायचा आणि मी घरी, नाही तर त्याच्या शेजारी बसून काळजी करायचो. टायर निवडायचं काम मात्र माझं, कारण रस्त्यात काय काय वाईट होऊ शकतं याचा विचार माझ्याइतका कोणी करत नसे.

आमच्या वऱ्हाडात टायरचा एकच कायदा होता: नवे पुढे, जुने मागे. उन्हाळ्यात डांबर पघळतं, आणि अशात पुढचा टायर फुटला की स्टिअरिंग हातात राहत नाही. तिवसा ओलांडल्यावर भर दुपारी आमचा तसाच फुटला होता. ट्रक बाभळीला अडला म्हणून दादा वाचला. मी शेजारीच बसलो होतो. तेव्हापासून पुढच्या चाकावर गुळगुळीत टायर दिसला की मी गाडी निघू देत नसे.

साठ-एकसष्टच्या सुमारास बाळापूरच्या सतरंज्यांचे गठ्ठे थेट काश्मिरात पोचवायचं काम आलं, तेही ऐन थंडीत. आम्ही बर्फ पाहिलेला तो रसवंतीवरचा, भुश्यात गुंडाळलेला. नवे टायर तेव्हा मागाल तेवढे मिळत नसत. अकोल्याला टायरवाल्या चाचांकडे दोनच मिळाले, खोल नक्षीचे. चाचा लढाईत फौजेचे ट्रक चालवून आलेले.

"हे दोन मांगं लावा," ते म्हणाले. "गाडी मांगची चाकं ढकलतात. बरफात तेच घसरले तं पुढचे नवे काय कामाचे?"

दादाला ते पटलं होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हणालो, बर्फ दोन दिवसांचा, बाकीचा सगळा रस्ता आपल्यासारखाच. पुढचा फुटला तर? चाचांनी समजावून पाहिलं तर मी त्यांच्यावरच आवाज चढवला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण मी तर चाचांनी समोर धरलेलं ताकच सांडून टाकलं. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि नवे पुढे लावायला सांगितले. चाकांना बांधायच्या साखळ्या वर घाटात मिळतात, तेवढ्या तरी घ्या, असं चाचांनी बजावलं.

दादा आणि एक जोडीदार ड्रायव्हर निघाले. चौथ्या दिवशी मी दर्यापूरला गेलो, तर तिथे पाटाच्या पाण्यानं भिजलेल्या काळ्या मातीत एक ट्रक रुतलेला. मागची चाकं जागच्या जागी गरगरत होती. पुढच्या टायरची नक्षी चांगली होती, पण ती चाकं नुसती उभी होती. आपण भावाला मरायला पाठवलं, असं मला स्पष्ट वाटलं.

त्यानंतर अन्न गोड लागेना. वहिनी सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची आणि मला विचारायची, टायर चांगले दिले ना भाऊजी? मी हो म्हणायचो. दर दोन दिवसांनी अकोल्याला जाऊन उत्तरेकडून आलेल्या ड्रायव्हरांना विचारायचो. कोणी म्हणे रस्ता बंद आहे, कोणी म्हणे दोन गाड्या दरीत गेल्या. मग एक कार्ड आलं. 'बरा आहे, येतो,' एवढंच, पण अक्षर दादाचं नव्हतं. वहिनीला मी ते वाचून दाखवलं, हातात दिलं नाही.

तो आला तेव्हा गाडी जोडीदार चालवत होता. माझं लक्ष आधी चाकांकडे गेलं. नवे टायर मागे होते. मला सगळं कळलं, आणि दादा खाली उतरण्याआधीच कळलं.

घाटात साखळ्या मिळाल्या नव्हत्या. चढावर मागची चाकं घसरली आणि गाडी दरीच्या अंगाला सरकत गेली. जोडीदारानं चाकांमागे दगड लावले आणि ते धरून बसला. दादानं तिथेच, बर्फात, टायर बदलले. ओल्या हातमोज्यांत पाना निसटायचा म्हणून त्यानं ते काढून टाकले होते. बर्फानं काळी पडलेली उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांना कापावी लागली.

चाचांचं म्हणणंही जोडीदाराच्या बोलण्यात आलं, तशी वहिनी रडत रडत विचारू लागली, चाचानं मांगं लावा म्हटलं होतं, मंग पुढं लावले कावून? जोडीदारानं माझ्याकडे पाहिलं. दादा म्हणाला, "माहीच चूक झाली. मीच पुढं लावाले सांगितलं."

मी तिथेच उभा होतो. खरं सांगायला तोंड उघडलं नाही, याची आजही लाज वाटते.

चैत्रात ऊन तापलं. टायर कसे ठेवायचे हे मी त्यालाच विचारलं. स्वतःचं मत द्यायला मला तोंडच राहिलं नव्हतं.

"नवे पुढं घे," तो म्हणाला. "तू बाजूले बसतं तं तुले भेव वाटते."

मी पुढची चाकं बसवली. नटही मीच आवळले, कारण त्याला आता पाना धरता येत नव्हता.