मच्छिंद्रआप्पांचा निरोप

कोरेगाव भीमाजवळच्या आमच्या भावकीत कुणी गेलं, की निरोप पोचवायचं काम मच्छिंद्रआप्पांचं. कुणी दिलेलं नव्हतं. त्यांनीच तीस वर्षं अंगावर घेतलेलं. आधी सायकल, मग लुना. शिक्रापूर, शिरूर, दौंड, कुठंही जायचे. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि पाणी पुढं आलं की हात आडवा करायचे. मयताचा निरोप आणणारा पाणी घेत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आप्पांनी पाणी नाकारलं, की बायका तिथंच मटकन खाली बसायच्या.

मग मुलानं त्यांना फोन दिला आणि म्हातारा त्यात पार बुडाला. भावकीचा ग्रुप काढला, ॲडमिन झाले. जेवताना डोळे ताटात कमी, फोनमध्ये जास्त. वाढदिवस असो की मयत, फोटोभोवती झेंडूची चौकट घालून टाकायचे. चौकट तीच, खालची अक्षरं तेवढी वेगळी. "दोन मिनटात दोनशे घरं! लुना घाला भंगारात," म्हणायचे. आम्हीही माना डोलवायचो. खरं सांगायचं तर दारोदार जायला कुणालाच नको होतं.

गेल्या वैशाखात पहाटे हौसराव गेले. आप्पांचे लहानपणापासूनचे सवंगडी. सहा वाजता आप्पांनी त्यांचा फेट्यातला फोटो चौकटीत बसवून ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत दौंडहून हौसरावांच्या थोरल्या बहिणीचे, धुरपदाआक्कांचे, जोडलेले हात आले.

"आक्काला कळलं. निघाली आसंल," आप्पा म्हणाले.

बहीण आल्याशिवाय उचलायचं नाही, असं ठरलं. दहा वाजले, बारा वाजले. फोन करून बघू, असं मी एकदा म्हणालो. "कशाला? गाडीत आसंल बिचारी, चार लोकांत रडंल." आप्पांनी मला अडवलं. ऊन थांबू देईना. दोन वाजता नदीकाठी अग्नी दिला.

घरी येऊन अंघोळी चालल्या होत्या. पाहुण्यांचे नंबर काढायला घेतलेला हौसरावांचा फोन आप्पांच्याच खिशात होता. तो वाजला. आप्पांनी उचलला तो स्पीकरवरच.

"हौसा, सकाळी फोटू बघितला तुजा. फेट्यात लई ग्वाड दिसतुयास. हात जोडलं मी, पन म्हनलं बोलावं बी. वाढदिवस हाय न्हवं?"

धुरपदाआक्कांना वाचता येत नाही. साऱ्या भावकीला हे माहीत होतं. पण हातात फोन आला म्हणजे अक्षरंही आली, असं आम्ही धरून चाललो होतो. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

"आक्का, मी मच्छिंद्र," आप्पा कसेबसे म्हणाले. "येतो मी तिकडं."

"ये की! हौसाला बी आन संगं."

लुना कधीच विकली होती. मी त्यांना माझ्या मोटारसायकलवर नेलं. दोन तासांची वाट. आप्पांचा स्वतःचा फोन खिशात सारखा वाजत होता. ग्रुपवर अजून श्रद्धांजल्या येत होत्या.

आक्का दारातच होत्या. "आरं मच्छिंद्रा, किती वर्सांनी आलास! हौसा कुठंय? थांब, पानी आनते," म्हणत आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

आप्पांनी हात आडवा केला.

आक्का त्या हाताकडं बघत राहिल्या. मग तांब्या हळूच खाली ठेवून पदर सावरला, चपला शोधायला लागल्या.

"चल लवकर. तोंड तरी बघाया मिळंल न्हवं त्याचं?"

आप्पा उंबऱ्याबाहेरच मटकन खाली बसले.