कापलेले पडदे

मिशनच्या कामासाठी पप्पा आम्हाला नगरहून केनियात घेऊन आले, तेव्हा आईने घरचे पडदे सोबत आणले. इथल्या खिडक्या बुटक्या, म्हणून तिने ते खालून दुमडून नुसते टाचले. "कापायचे नाहीत. परत आपल्याच खिडक्यांना लावायचेत," तीच म्हणाली होती. पप्पांच्या उपदेशापेक्षा माझा त्या दुमडीवर जास्त विश्वास होता.

एकदा शाळेतून आले, तर आई त्या पडद्यांवर कात्री चालवत होती.

"आई, घरी जायचं होतं ना?"

"घरीच तर आहोत," ती मान वर न करता म्हणाली.

मोठी माणसं निर्णय सांगत नाहीत, एखाद्या दुपारी उरकून टाकतात. पप्पा गावभर प्रत्येकाच्या मनातलं विचारत फिरायचे. मला कुणीच विचारलं नाही.

उरलेल्या पट्ट्यांची आईने फडकी केली. त्यातल्याच एकाने मला खिडकी पुसायला लावली.