स्टेअरिंगखालचा लांब स्क्रू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय — मलाच नीट माहीत नाही.

आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिला. आमच्या गावात, शेणव्यात, बाबा कुणालाही सांगायचे, "हा आमचा इंजिनेर." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? आणि रघुदादा, माझा चुलत भाऊ, सातवीत शाळा सोडलेला. मुरबाडच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचा.

बाबांचा गवत वाहायचा जुना ट्रक. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच. चावी फिरवली तरी कधी चालू व्हायचा, कधी नाही. दांडा मध्येच अडकायचा. मी दोन दिवस मीटर लावून बसलो, चावीचा स्विच नवा घातला. फरक शून्य. मग बाबांनी दादाला बोलावलं. त्यानं दांडा धरला, डोळे मिटून वरखाली हलवला — आणि हसला.

"काय इंजिनेर, त्या स्विचनं तुझं काय घोडं मारलं होतं रे? खालचा बुश, दांडा धरणारी ती कडी, झिजलाय. आख्खं स्टेअरिंग हलतं, म्हणून आतली वायर पण सुटते."

तासाभरात गिअर दोन बोटांनी पडायला लागला, ट्रक पहिल्या चावीला सुरू झाला. आमच्याकडे ज्याच्या हातून गाडी सुरू होते, तोच तिच्यापुढे नारळ फोडतो. बाबांनी नारळ दादाच्या हातात दिला. माझ्याकडे बघितलंही नाही. एवढंच! एवढ्यावर माणूस जळतो? मी जळलो.

"स्टेअरिंगखालचं कव्हर तेवढं लाव रे," दादा जाताना म्हणाला.

त्याचा एक स्क्रू हरवला होता. डब्यात एक लांब मिळाला. पिळताना तो आत कशात तरी मऊशात रुतला — हाताला कळतं ते. वायर असणार, हेही कळलं. पण आखूड स्क्रू दादाच्याच शेडमध्ये, आणि त्याच्याकडे मला काही मागायचं नव्हतं. नाही — तेवढंच नाही. त्याचं काम बिघडावं, असं मला वाटत होतं.

चार दिवसांनी बाबा चालवत असताना भरला ट्रक चढावर बंद पडला. इंजिन गेलं, ब्रेक जड झाला, गाडी मागे घरंगळत ओढ्यात गेली. बाबांचा उजवा हात मोडला. ट्रक ओढून आणल्यावर सगळ्यांच्या आधी मी कव्हर उघडलं. स्क्रू खिशात टाकला. त्यानं कापलेल्या वायरला टेप मारली.

दादा धावत आला. "तू बघितलंस ना रे? माझं काय चुकलं?"

"बुश नीट बसला नव्हता," मी म्हणालो.

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं मान खाली घातली. माझ्या शिक्षणावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

लोकांनी त्याच्याकडे गाड्या न्यायचं सोडलं. शेड गेली. आता तो कसाऱ्याला, हायवेवर, दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढतो.

बाबांचा हात अजून पुरता वर जात नाही. गेल्या दसऱ्याला ट्रकच्या पूजेच्या वेळी त्यांनी डाव्या हातानं नारळ माझ्यापुढे धरला. "तूच फोड. रघ्याच्या कामाचं काय खरं नाय."

मी घेतला. फोडला.